वॉरफरिन की नवी गोळी? फ्रिजवरच्या दोन कागदांवरून

आमच्या फ्रिजवर दोन कागद चिकटवलेले आहेत. आईचा कागद गच्च भरलेला: तारीख, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा), कुठल्या वारी किती मिलिग्रॅम. बाबांच्या कागदावर वर्षाकाठी जेमतेम तीन ओळी: क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी), हिमोग्लोबिन, वजन. आईला हृदयात धातूची झडप आहे, ती वॉरफरिन घेते, रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारं जुनं औषध. बाबांना एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोके अनियमित, ते त्याच कामाची नवी गोळी, अपिक्साबान, घेतात. घरी आलेला प्रत्येक जण विचारतो, "आईंनाही ती नवी गोळी का देत नाही? तपासण्यांची कटकट तरी जाईल."

तर आधी हेच. धातूची झडप असेल तर निवडीचा प्रश्नच नाही, वॉरफरिनच. डॅबिगॅट्रान ही दुसरी नवी गोळी अशा रुग्णांना देऊन पाहिली होती. गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही, त्यामुळे चाचणी मध्येच थांबवावी लागली. तिचे निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप आवळली असेल तर 2022 मधल्या मोठ्या चाचणीत रिव्हरॉक्साबान या तिसऱ्या नव्या गोळीपेक्षा वॉरफरिनसारखी जुनी औषधंच सरस ठरली. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोमच्या (यात शरीराच्या प्रतिकारशक्तीमुळेच रक्तात गुठळ्या होतात) जास्त जोखमीच्या रुग्णांनाही नव्या गोळ्या देत नाहीत. गरोदरपणात तर नव्या गोळ्या नकोतच. वॉरफरिननेही गर्भाला धोका असतो, म्हणून तिथे बहुधा गुठळ्या रोखणारी हेपरिनची इंजेक्शनं येतात.

निवड खरी उरते ती बाबांसारख्यांना, किंवा पायाच्या शिरेत वा फुप्फुसात गुठळी झालेल्यांना. तिथे माझं मत नव्या गोळीकडे झुकतं, पण कारण सोय हे नाही. एट्रियल फिब्रिलेशनच्या मोठ्या चाचण्यांत पक्षाघात टाळण्यात नव्या गोळ्या वॉरफरिनच्या तोडीस तोड किंवा थोड्या सरस ठरल्या आणि मेंदूतला रक्तस्राव साधारण निम्म्यावर आला. पोटातल्या रक्तस्रावाचं मात्र तसं नाही. रिव्हरॉक्साबान आणि डॅबिगॅट्रानच्या मोठ्या डोसने तो वॉरफरिनपेक्षा जास्त दिसला, अपिक्साबानने नाही. अल्सरचा इतिहास असेल तर डॉक्टरांना हे मुद्दाम विचारा.

आता देखरेख. लोकांची समजूत अशी की वॉरफरिनला तपासणी लागते आणि नव्या गोळीला लागत नाही. दोघांचे गोळ्यांचे डबे मीच भरते, म्हणून सांगते, देखरेख संपत नाही, ती लॅबमधून घरात येते.

वॉरफरिन चुगलखोर औषध आहे. औषध न घेणाऱ्याचा आयएनआर 1 च्या आसपास असतो. बहुतेक रुग्णांना तो 2 ते 3 मध्ये ठेवायचा असतो, आईची झडप मायट्रल असल्याने तिला 2.5 ते 3.5. गोळी चुकली, दुसरं औषध सुरू झालं, खाणं बदललं की आकडा बोलतो. फक्त उशिरा बोलतो, आजच्या डोसचा परिणाम दोन-तीन दिवसांनी दिसतो. एकदा दाढेच्या इन्फेक्शनसाठी आईला मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक दिलं गेलं. वॉरफरिनचं सांगायचं आम्हीच विसरलो. पाचव्या दिवशी दंडावर तळहाताएवढा काळानिळा डाग, आयएनआर 5.4. रक्त कुठून येत नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी दोन डोस गाळायला लावून पुन्हा तपासणी केली. तेव्हापासून कुठलीही नवी गोळी आली, मग ती पाच दिवसांचीच का असेना, की तीन-चार दिवसांत आयएनआर. एरवी आकडा स्थिर असेल तर महिन्याला एकदा पुरतं. पालेभाज्या बंद करायच्या नसतात, दर आठवड्याला साधारण तेवढ्याच खायच्या असतात. बंद केल्या आणि एक दिवस भरपूर खाल्ल्या, की गडबड.

नवी गोळी मुकी. अपिक्साबान दिवसातून दोनदा घ्यायचं आणि त्याचा निम्मा असर साधारण बारा तासांत ओसरतो. एका रविवारी बाबांचा डबा भरायला घेतला तर रात्रीचे चार कप्पे तसेच भरलेले. ते म्हणाले, "मला तर काहीच झालं नाही." होणारही नव्हतं, गुठळी अडेपर्यंत काही जाणवतच नाही. आणि ते चार कप्पे आयएनआरमध्ये दिसत नाहीत, त्या गोळीसाठी आयएनआरचा उपयोगच नाही. आता रात्रीची गोळी मी समोर उभी राहून देते. चुकली आणि सहा तासांच्या आत लक्षात आलं तर लगेच, नाहीतर थेट पुढची. दोन एकदम कधीच नाहीत.

नव्या गोळ्यांची खरी तपासणी मूत्रपिंडाची. डॉक्टर वापरतात तो सोपा हिशेब: क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंड रक्त किती साफ करतं त्याचा आकडा) 60 च्या खाली असेल तर त्याला दहाने भागा, तेवढ्या महिन्यांनी पुन्हा तपासा. बाबांचा 42, म्हणून दर चार महिन्यांनी. डॅबिगॅट्रान सुमारे 80 टक्के मूत्रपिंडातून बाहेर जातं, म्हणून तिथे जास्त जपावं लागतं. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये अपिक्साबान 5 वरून 2.5 मिलिग्रॅमवर आणायचं ते वय 80 किंवा जास्त, वजन 60 किलो किंवा कमी, क्रिएटिनिन 1.5 किंवा जास्त, यांतल्या दोन गोष्टी असतील तरच. "वय झालंय, थोडं कमीच बरं" म्हणून कमी केलेला डोस मला वॉरफरिनच्या चढलेल्या आकड्याइतकाच धोक्याचा वाटतो, आणि तो कुणाच्या लक्षातही येत नाही. किरकोळ वाटणाऱ्या दोन गोष्टी: रिव्हरॉक्साबानची 15 आणि 20 ची गोळी जेवणासोबतच, आणि डॅबिगॅट्रानची कॅप्सूल उघडायची नाही, मूळ पॅकिंगमधून काढून डब्यात भरायचीही नाही.

इतर औषधांच्या बाबतीत एका ठिकाणी वॉरफरिन उजवं ठरतं. क्षयरोगाचं रिफाम्पिसिन, फिट्सची फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन ही औषधं वॉरफरिन आणि नवी गोळी दोघांचाही असर उतरवतात. वॉरफरिनचा डोस आकडा बघत वाढवता येतो, नव्या गोळीत ती सोय नाही, औषधच बदलावं लागतं. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक दोघांनाही नको.

छोट्या ऑपरेशनआधी वॉरफरिन साधारण पाच दिवस बंद ठेवतात, नवी गोळी बहुतेकदा एक-दोन दिवस. झडपवाल्यांनी मात्र स्वतःच्या मनाने एक दिवसही थांबवू नये.

आणि वर्षानुवर्षं वॉरफरिनवर आकडा छान बसलेला आहे, माणूस पंचाहत्तरीपुढचा आणि थकलेला आहे, त्याने नुसतं नवं म्हणून बदलावं का? मी बसलेली घडी मोडणार नाही. 2023 मध्ये नेदरलँड्समधल्या चाचणीत अशाच रुग्णांना नव्या गोळीवर आणलं, तेव्हा रक्तस्राव कमी न होता वाढला. आकडा सारखा वरखाली होत असेल, लॅबपर्यंत जाणंच जमत नसेल, तर गोष्ट वेगळी. मग डॉक्टर सांगतील तसं वॉरफरिन थांबवून, आयएनआर 2 च्या खाली आला की अपिक्साबान सुरू करतात.

डोक्याला मार, काळी शी, अचानक जबर डोकेदुखी: इथे गोळी कुठली याने फरक पडत नाही, वाट न बघता हॉस्पिटल. दोघांच्या पाकिटात औषधाच्या नावाची चिठ्ठी असते. आईच्या चिठ्ठीवर शेवटचा आयएनआर आहे. बाबांच्या चिठ्ठीवर गोळीची वेळ लिहिलीय, सकाळी आठ आणि रात्री आठ, कारण तिथल्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच असेल: शेवटची गोळी कधी घेतली?