मायोटोनिक डिस्ट्रॉफी टाइप १: पेसमेकर पुरेल की आयसीडी घ्यायचा?

‘यंत्र बसवावं लागेल’ असं डॉक्टर म्हणाले की घरात हमखास सूर निघतो, बसवायचंच तर पेसमेकरपेक्षा मोठं, म्हणजे आयसीडीच बसवू. इथे जरा थांबा.

मायोटोनिक डिस्ट्रॉफी हा स्नायू कमजोर करणारा आनुवंशिक आजार. त्यात हृदयातही दोन वेगळे बिघाड होतात. वरून खाली जाणारा विजेचा संदेश अडतो आणि ठोका चुकतो, हा पहिला. खालचे कप्पे भलत्याच वेगाने धडधडू लागतात, हा दुसरा. पेसमेकर फक्त पहिल्यावर चालतो. आयसीडी पहिला सांभाळतोच, शिवाय दुसऱ्यावर विजेचा झटका देऊन ठोके ताळ्यावर आणतो.

संदेश अडतोय हे ईसीजीत दिसतं, म्हणूनच काही त्रास नसला तरी तो दरवर्षी काढायचा. कागदावरचा एक छोटा चौकोन ४० मिलिसेकंदांचा. पीआर (संदेश वरून खाली पोचायला लागणारा वेळ) सहा चौकोनांवर (२४०) किंवा क्यूआरएस (तो खालच्या कप्प्यांत पसरायला लागणारा वेळ) तीनवर (१२०) गेला तर ईपी स्टडीचा, म्हणजे हृदयातल्या विजेच्या आतून तपासणीचा, विषय काढाच. त्यात तार आत नेऊन एचव्ही, म्हणजे संदेशाला खाली पोचताना शेवटच्या टप्प्यात लागणारा वेळ, मोजतात. तो ७० मिलिसेकंद किंवा जास्त निघाला, तर चक्कर आलेली नसली तरी पेसमेकर बसवावा, असं हार्ट ऱ्हिदम सोसायटी या तज्ज्ञ संघटनेचं २०२२ चं मत आहे.

हृदय बंद पडून वाचलेला माणूस, टिकून राहणारा व्हीटी (खालच्या कप्प्यांची तीच धडधड), किंवा औषधं देऊनही ३५ टक्के वा त्याखाली राहिलेला ईएफ (हृदय दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर टाकतं तो आकडा) असेल, तर आयसीडीबद्दल फारसा वाद नाही. वाद आहे तो मधल्यांचा, म्हणजे पेसमेकर लागेल पण यातलं काही नाही अशांचा. पेसमेकर लागणारच आहे, तर त्याऐवजी आयसीडी बसवता येईल, असं अमेरिकन मार्गदर्शक सूचना म्हणतात, पण फार जोर न लावता. पेसमेकर असूनही काही जण अचानक जातात, हे खरं. दुसरीकडे आयसीडी महाग, त्याची बॅटरी बहुधा लवकर संपते, आणि टाइप १ मध्ये एट्रियल फिब्रिलेशन (वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर) बरंच आढळत असल्याने नको तेव्हा झटका बसण्याची भीती राहते. तो झटका माणूस पूर्ण शुद्धीत असताना बसतो. श्वासाचे स्नायू आधीच थकले असतील तर आयसीडीने नेमकं किती साधेल, हे तोंडावर विचारा. व्हीटीचा पुरावा नसेल तर माझा कौल पेसमेकरला.

यंत्र कुठलंही ठरो, भूलतज्ज्ञांना निदान आधी लेखी कळवा. झोपेचं औषध आणि मॉर्फिनसारखी वेदनाशामकं या रुग्णांचा श्वास दाबतात, सक्सिनिलकोलीन हे भूल देताना स्नायू सैल करणारं औषध तर टाळायचंच. त्या रात्री श्वासावर लक्ष ठेवायला कोण असेल, तेही विचारून घ्या.