वेगाच्या नोंदींवरून अंतर: कुठली रीत धरायची?

बेळगावहून खानापूरला निघालेल्या बसमध्ये बसून मोबाइलवर दिसणारा वेग दर पाच मिनिटांनी टिपला, तर कापलेलं अंतर काढता येतं. उदाहरणापुरत्या पहिल्या वीस मिनिटांच्या नोंदी अशा धरू: ०, २४, ४२, ५४, ६० किमी प्रतितास. पाच मिनिटं म्हणजे तासाचा बारावा भाग. थेट ५ ने गुणलंत तर उत्तर साठपट फुगेल.

डाव्या बेरजेत प्रत्येक टप्प्याच्या सुरुवातीचा वेग घेतात: (०+२४+४२+५४)÷१२, म्हणजे १० किमी. उजव्या बेरजेत शेवटचा, म्हणजे १५ किमी. वेग सतत वाढत असेल तर खरं अंतर या दोहोंच्या मध्येच असतं, आणि अशी हमी पुढच्या दोन्ही रीती देत नाहीत. नोंदी दर मिनिटाला घेतल्या तर ही ५ किमीची तफावत १ किमीवर येते.

समलंब रीत म्हणजे या दोन्ही बेरजांची सरासरी: १२.५ किमी. सिम्पसनच्या नियमात नोंदींना १, ४, २, ४, १ असं वजन देऊन (म्हणजे त्या आकड्यांनी गुणून) बेरजेला ३६ ने, म्हणजे १२ × ३ ने, भागायचं: १२.६७ किमी. वेग इथे हिसके न खाता, गुळगुळीत वाढतोय, म्हणून सिम्पसन सरस.

रस्त्यावर मात्र मी समलंबच वापरेन. सिम्पसनला टप्पे सारखे आणि सम संख्येत लागतात. बेळगाव-गोवा रस्त्यावरच्या जांबोटी-चोर्ल्याच्या झाडीत सिग्नल जाऊन एखादी नोंद सुटली की तो अडतो. समलंब रीतीला लहानमोठे टप्पेही चालतात. शिवाय स्पीड ब्रेकर आणि वळणांनी वेग हिसके खात असेल, तर सिम्पसनची अचूकता तशीही हाती लागत नाही.

सरासरी वेगासाठी नोंदींची सरळ सरासरी काढू नका. ती इथे ३६ येते. एकूण अंतर भागिले एकूण वेळ केलं तर समलंबने ३७.५, सिम्पसनने ३८. पहिल्या आणि शेवटच्या नोंदीला अर्धंच वजन मिळायला हवं, सरळ सरासरीत ते पूर्ण मिळतं.

पूर्ण प्रवासात बस थांब्यावरून सुटते आणि थांब्यावरच थांबते, दोन्ही टोकांना शून्य. मग डावी, उजवी, समलंब तिन्ही उत्तरं तंतोतंत जुळतात. त्यावर भुलू नका. मधल्या रेल्वे फाटकावर बस दोन नोंदींच्या दरम्यान तीन मिनिटं उभी राहिली, तर ते तिघांनाही कळलेलं नसतं. तिथे रीत बदलून काही होत नाही, नोंदी दर मिनिटाला घ्याव्या लागतात.