सात महिने सेन्सर, ग्लुकोमीटर आणि शिंप्याची टेप: इन्सुलिन रेझिस्टन्सचा माझा अनुभव

आधी माझी केस सांगतो, नाहीतर पुढचे आकडे कळणार नाहीत. वय 46, इंदूर, लोकमान्य नगर, बसून काम. उंची 172, वजन 67, म्हणजे जाड वगैरे मुळीच नाही, हातपाय काडीसारखे, फक्त पोट तेवढं पुढे आलेलं, आणि घरात सगळे म्हणायचे की खात्यापित्या घरचा वाटतो. डिसेंबरमध्ये ऑफिसचं चेकअप झालं त्यात उपाशीपोटी शुगर 104, एचबीए1सी (मागच्या तीनेक महिन्यांच्या सरासरी शुगरचा अंदाज) 5.9, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 212, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) 36, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर. मला वाटलं बॉर्डरवर आहे, गोड कमी करू, संपलं. डॉक्टरांनी माझी मान बघितली आणि विचारलं की हा काळेपणा कधीपासून आहे. आता ह्या मानेवरून बायकोने मला चार वर्षं ऐकवलंय, डाळीचं पीठ झालं, लिंबू झालं, काथ्याने घासून झालं, आई तर सरळ म्हणायची अरे अंघोळ करतोस की नुसतं पाणी ओततोस. तो मळ नव्हताच. रक्तात इन्सुलिन जास्त राहिलं की मानेची, काखेची कातडी तशी जाड आणि काळपट होते म्हणे.

मग उपाशीपोटी इन्सुलिनची टेस्ट केली, 19 आलं. डॉक्टरांनी तिथेच कागदावर गणित केलं, 104 गुणिले 19 भागिले 405, आलं 4.9 च्या आसपास. ह्याला होमा-आयआर म्हणतात. हा आकडा जितका मोठा तितका रेझिस्टन्स जास्त, आणि माझा त्यांच्या मते हवा त्याच्या दुपटीने जास्त होता. समजावलं ते असं, की शुगर पेशीत ढकलायला इन्सुलिन लागतं, पेशी ऐकेनाशा झाल्या की स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं, त्यामुळे शुगरचा रिपोर्ट कितीतरी वर्षं बरा दिसतो आणि आत ओव्हरटाइम चालू असतो.

मी म्हटलं पण साहेब मी तर बारीक आहे. त्यावर त्यांनी पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं सांगितलं. त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिनचा शेजारीशेजारी काढलेला फोटो 2004 साली लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात आला होता, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच, 22.3, पण अंगातली चरबी युडकिनची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. म्हणजे वजनकाटा आपल्या लोकांना चक्क फसवतो. कंबर मोजा म्हणाले, आपल्याकडे पुरुषाला 90 सेंटीमीटर आणि बाईला 80 ही लक्ष्मणरेषा. घरी येऊन आईच्या शिलाई मशीनच्या ड्रॉवरमधली टेप काढली, बेंबीवर 94. पँट 34 ची घालतो म्हणून मी खुशीत होतो, पण पँट पोटाच्या खाली बसते हे कुणी लक्षात घेतं!

आता वस्तूंकडे. बोटाला टोचून शुगर बघायचा ग्लुकोमीटर आधीपासून आईचा होता, सतत शुगर मोजणारे सेन्सर मी जानेवारीपासून आत्तापर्यंत तीन लावले, प्रत्येकी चौदा दिवसांचे, एकेक साडेचार हजारांच्या आसपास पडला. दंडाला मागून टोचतात, दुखत नाही, खरंच नाही. फोन जवळ नेला की आकडा आणि ग्राफ. पहिले चार दिवस मी सारखा फोन दंडाला लावत होतो, ऑफिसात लोक विचारायला लागले की भिया, हाथ में क्या हो गया.

पहिला धक्का पोह्यांनी दिला, दुसरं काय. सकाळी आठला ठेल्यावर पोहे, वरून सेव, जीरावन (आमच्याकडचा पोह्यांवरचा मसाला), आणि सोबत दोन जिलब्या, एका तासाने 184. तेच पोहे घरी, जिलबी नाही, अर्ध्यावर आणून त्यात मटकी आणि शेंगदाणे जास्त, 146. चतुर्थीला संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी, 197! उपवासाच्या दिवशी वर्षभरातली दुसऱ्या नंबरची शुगर. आईला दाखवलं तर म्हणाली मशीन बिघडलंय, उपवासाचं कधी बाधत नसतं. पहिला नंबर मे महिन्यात आमरस-पुरीचा, तो आकडा घरात सांगितलेला नाही. सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊगल्लीत, गराडू (तळलेला कंद) खाल्ले, तर तासाभराने अगदी शहाण्यासारखी शुगर, मी खूश, आणि झोपायच्या वेळेला हळूच वर चढली, कारण तळणीच्या तेलाने पोट उशिरा रिकामं होतं. एकाच तासाला बघून खूश होणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

सगळ्यात कामाची गोष्ट मात्र फुकटची निघाली. रात्रीचं वरण-भात, भाजी, पोळी, ताट तेच, जेवून टीव्हीसमोर बसलो तर 163, जेवल्या जेवल्या कॉलनीत पंधरा मिनिटं फिरलो तर 129. दोनदा नाही, आठ-नऊ वेळा करून बघितलं, कमीजास्त तोच फरक. चालताना पायाचे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता शुगर ओढून घेतात, म्हणून. सकाळी लालबागला चाळीस मिनिटं जातो ते वेगळं, आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून आठवड्यातून तीनदा उठाबशा आणि डंबेल, कारण जितका स्नायू तितकी शुगर ठेवायला जागा.

तक्रारी. एक, डाव्या कुशीवर झोपलो आणि सेन्सर दबला, रात्री तीनला अलार्म, आकडा 58, बायको धावत साखरेचा डबा घेऊन, मी घाबरून घामाघूम, बोटाला टोचून बघितलं तर 97. दबल्यावर असं होतं हे नंतर कळलं. दोन, तो रक्तातली शुगर मोजतच नाही, कातडीखालच्या द्रवातली मोजतो, म्हणून दहा-एक मिनिटं मागे असतो, चालून आल्या आल्या जुळवायला जाऊ नका. तीन, मे महिन्यात इंदूरच्या उन्हात घामाने नवव्या दिवशी गळून पडला, कंपनी तीन दिवस फोटो मागत बसली आणि शेवटी बदलून दिलाच नाही. नाव घेत नाही. ग्लुकोमीटरची पण गंमत ऐका, 100 च्या वरच्या शुगरला त्याला नियमानेच 15 टक्के इकडेतिकडे व्हायची सूट आहे, त्यामुळे एकाच बोटातून 118 आणि 126 आलं तर भांडू नका.

आणि खरी अडचण ही, की दोन्ही यंत्रं इन्सुलिन दाखवत नाहीत. एकदा बायकोने गंमत म्हणून पोह्यांनंतर बोट टोचलं, तिचं 148 आलं, तिचे रिपोर्ट एकदम स्वच्छ. म्हणजे माझे 146 आणि तिचे 148, पण तिच्या शरीराने ते थोड्या इन्सुलिनमध्ये उरकलं असणार आणि माझ्या शरीराने ढीगभर वापरलं असणार, ग्राफमध्ये ते दिसायला मार्गच नाही. त्या दिवसापासून मी ग्राफमधल्या प्रत्येक टेकडीला घाबरणं सोडलं. मार्चमध्ये तर मी भाताच्या एका मुदीवरून आईशी भांडलो होतो, आता लाज वाटते.

डॉक्टरांनी दिलेल्या शुगरच्या गोळीचं: मेटफॉर्मिन 500, रात्री जेवणानंतर. पहिले दहा दिवस पोटाने जीव नकोसा केला, सिटी बस सोडून स्कूटरने जायला लागलो, का ते समजून घ्या. मग डॉक्टरांनी हळूहळू विरघळणारी दिली, त्यानंतर काही नाही. ही इन्सुलिन वाढवत नाही, मुख्यतः लिव्हर जी फालतू शुगर सोडत असतं ती कमी करते. शाकाहारी असाल तर बी12 तपासत राहा, लांब वापरात ते घसरू शकतं, माझं आधीच काठावर होतं. आणि मी घेतो म्हणून कोणी स्वतःच्या मनाने सुरू करू नका, किडनीचा रिपोर्ट बघूनच देतात.

जुलैचे रिपोर्ट: उपाशीपोटी शुगर 94, इन्सुलिन 10, म्हणजे होमा 2.3, एचबीए1सी 5.6, ट्रायग्लिसराइड 148, एचडीएल 41. वजन फक्त तीन किलो उतरलं, कंबर 94 वरून 88. मान थोडी उजळली, पूर्ण नाही. श्रेय गोळीचं किती आणि पायांचं किती ते मला वेगळं करता येत नाही.

कुणी विचारलं तर सेन्सर एकदा, फार तर दोनदा लावा, आपलं रोजचंच खा आणि बघा, तिसऱ्यात मला नवीन काही कळलं नाही. त्याआधी उपाशीपोटी इन्सुलिनची टेस्ट करा, सेन्सरपेक्षा कितीतरी स्वस्त पडते. टेप दर रविवारी, सकाळी, पोट आत न ओढता (हे अवघड आहे).

चौथा सेन्सर उत्साहाच्या भरात आधीच घेऊन ठेवलाय, कपाटात पडून आहे, एक्सपायरी ऑक्टोबरअखेरची. नवरात्रात लावीन म्हणतो, मोरधन (भगर) आणि राजगिरा मोजायचे राहिलेत, आणि आईला तर मशीन चुकतंय हे सिद्धच करायचंय.