छोटी साइड-बाय-साइड, उंच डोंगर आणि बेल्टचं तापमान: दोन उन्हाळ्यांच्या वापरानंतर

50 इंच रुंदीची साइड-बाय-साइड (शेजारी-शेजारी सीट असलेली, कच्च्या वाटांवरची छोटी चारचाकी) घेऊन डोंगरात जाणार असाल आणि तिच्यावर घालायला पैसे मोजकेच असतील, तर पहिला खर्च बेल्टचं, म्हणजे इंजिनची ताकद चाकांकडे नेणाऱ्या रबरी पट्ट्याचं, तापमान दाखवणाऱ्या मीटरवर करा. टायर नंतर, विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारं यंत्र) नंतर आणि दिव्यांच्या पट्ट्या अगदी शेवटी. अमेरिकेतल्या युटामध्ये दोन उन्हाळे ही गाडी वापरल्यावर माझं हे मत पक्कं झालंय. कोणी नवीन गाडी दाखवायला आणली की मी आधी मीटर आहे का, तेच विचारतो.

पुढे डीलरबद्दल बोलायचंय, म्हणून गाडीच्या कंपनीचं नाव घेत नाही. तसंही या वर्गातल्या गाड्या तुम्हाला ठाऊक आहेत: दोन सीट, 900 सीसीच्या वर्गातलं दोन सिलिंडरचं इंजिन, सीव्हीटी (बेल्ट आणि पुलींवर आपोआप बदलणारा गिअर), रुंदी बरोबर 50 इंच. मी सेकंडहँड घेतली, कंपनीची वाढीव वॉरंटी शिल्लक असलेली. आधीच्या मालकाने 26 इंची टायर काढून 28 इंची जाडजूड मड टायर घातले होते, पुढे पूर्ण विंडशील्ड लावली होती आणि छतावर भलामोठा लाइटबार. एवढं सगळं केलंय म्हणून किंमत चढी होती. घासाघीस करून नऊशे डॉलर खाली आणली आणि गाडी ट्रेलरवर चढवली.

बेल्ट तुटला तो पायूट ट्रेलवर. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, हा मध्य युटातला 275 मैलांचा वळसा आहे, फिशलेक राष्ट्रीय जंगलातून जाणारा. मेरिसव्हेलहून निघालात तर सुरुवात 6 हजार फुटांच्या आसपास होते आणि टुशर डोंगररांगेत रस्ता 11 हजार फुटांच्या वर जातो. आमच्या पुढे तीन-चार गाड्या हळूहळू चढत होत्या. चढ खडा, वळणं आवळलेली, वेग ताशी सात-आठ मैल आणि गिअर हाय. आधी जळक्या रबराचा वास आला, मग सीटच्या मागे फटकन आवाज झाला. इंजिन चालू, पण गाडी जागेवरून हलेना.

क्लचचं, म्हणजे बेल्ट आणि पुलींवरचं, कव्हर इतकं तापलं होतं की हात लावता येत नव्हता. थांबलो, मग स्क्रू काढले. आतमध्ये बेल्ट नव्हताच, त्याच्या चिंध्या होत्या. सगळ्यात वेळ गेला तो दोऱ्यांमध्ये. बेल्टच्या आत मजबुतीसाठी दोऱ्या असतात, त्या पुढच्या पुलीच्या मागे शाफ्टवर आवळून गुंडाळल्या गेल्या होत्या. पकडीने एकेक ओढायची, कापायची, पुली हाताने थोडी फिरवायची, पुन्हा ओढायची. एक दोरी जरी राहिली तरी मागचं सील फाडते. बायकोने टॉर्च धरला आणि रबराचे तुकडे एका पिशवीत गोळा केले, कारण हेच तुकडे कव्हरच्या हवेच्या नळीत अडकले की नवा बेल्टही तापतो. स्पेअर बेल्ट सीटखाली होता, मागची पुली उघडायचा बोल्टही होता. बेल्टवरच्या बाणाची दिशा बघून बसवला आणि अंधार पडायच्या आत खाली आलो.

आता बेल्ट का जळतो ते जरा विस्ताराने. सीव्हीटीत दोन पुली असतात. इंजिनचे आरपीएम वाढले की पुढच्या पुलीतली वजनं बाहेर फेकली जातात, पुली आवळते आणि बेल्ट वर चढतो. टायर मोठा झाला की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते, म्हणजे कमी वेगात पुलीला पुरती आवळायची वेळच येत नाही. बेल्ट अर्धवट पकडीत घसरत राहतो आणि घसरला की तापतो. त्यात उंचीचा फटका वेगळा. दर हजार फुटांना साधारण 3 टक्के ताकद जाते, म्हणजे 11 हजार फुटांवर समुद्रसपाटीच्या मानाने जवळपास तिसरा हिस्सा ताकद गायब. वजनं मात्र तीच राहतात, ती इंजिनला पूर्ण आरपीएमवर जाऊच देत नाहीत. आणि पुढच्या पुलीवरचे पंखे हवा खेळवतात ते आरपीएमच्या भरवशावर. म्हणजे जिथे थंडावा सगळ्यात जास्त हवा, तिथेच तो सगळ्यात कमी मिळतो.

उपाय गाडीतच आहे, त्याचं नाव लो गिअर. त्यात तेवढ्याच वेगाला इंजिन जास्त फिरतं, म्हणून पुली नीट आवळते. ताशी 10 मैलांच्या खाली, खड्या चढावर, ट्रेलरवर चढवताना लो टाकायचा. लोकांना वाटतं, लो म्हणजे चिखलात फसल्यावर. तसं नाही. रोज वापरायचा गिअर आहे तो.

मग डीलर. क्लचची पुरती तपासणी करून घेऊ म्हणून गाडी दुकानात नेली. त्याच सुमारास फ्युएल पंपही कुरकुरायला लागला होता, गरम झाल्यावर इंजिन बंद पडायचं. सर्व्हिस काउंटरवरच्या माणसाने टायरकडे एक नजर टाकली आणि दोन्ही कामं वॉरंटीबाहेर ठरवली: "साइझ बदललाय, वॉरंटी गेली." बेल्टचं मी मान्य केलं, तो झिजणारा भाग आहे आणि टायरचा त्याच्याशी थेट संबंध आहे. पण पेट्रोलच्या टाकीतल्या पंपाचा चाकाच्या उंचीशी काय संबंध? इथे 1975 चा मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा आहे. बाहेरचा सुटा भाग लावला एवढ्या कारणावरून कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही. त्या भागामुळेच बिघाड झाला हे तिला दाखवावं लागतं. मी आवाज चढवला नाही. नकाराचं कारण कागदावर लिहून सही करून द्या, एवढंच मागितलं आणि खुर्चीवर बसून राहिलो. अर्ध्या तासाने मॅनेजर बाहेर आले. पंप फुकट बदलून मिळाला. क्लच साफ करायचे मात्र तीन तासांच्या मजुरीचे पैसे लावले, तेही तासाला 140 डॉलरच्या दराने. ते बिल अजून जपून ठेवलंय. स्कॉच-ब्राइटच्या घासणीने पुलीच्या आतल्या बाजू घासायच्या, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायच्या, कॉम्प्रेसरने धूळ उडवायची, एवढंच ते काम. तेव्हापासून घरी गॅरेजमध्ये मीच करतो आणि कोणालाही सांगतो, या कामासाठी दुकानात एक डॉलरही देऊ नका.

मीटर आणला तो त्यानंतर. दीडशे डॉलरच्या आसपास पडला. क्लचच्या कव्हरला भोक पाडून त्यात इन्फ्रारेड सेन्सर बसतो, तो थेट बेल्टच्या पृष्ठभागावर रोखलेला असतो. याहून स्वस्त मिळतात ते बाहेर जाणाऱ्या हवेचं तापमान मोजतात. आकडा उशिरा चढतो, तोवर व्हायचं ते होऊन जातं. तिथे पैसे वाचवू नका.

पहिल्याच दिवशी कळलं की आजवर आपण अंदाजावर गाडी चालवत होतो. सपाट रस्त्यावर 160 ते 180 अंश फॅरनहाइट. चढावर हाय गिअरमध्ये बघता बघता 230. लो टाकला की त्याच चढावर आकडा 180च्या खाली येतो, डोळ्यांदेखत. 200च्या पुढे मी सावध होतो, 230ला थांबतो आणि 250, म्हणजे 121 सेल्सिअस, कधी बघायलाच नको. आता नकाशा आणि मीटर दोन्ही बायकोकडे असतात. "अरे, दोनशे पाच झालं, लो टाक," असं ती म्हणाली की मी वाद घालत नाही. थांबताना इंजिन लगेच बंद करत नाही. न्यूट्रलमध्ये थोडा वेळ फिरू देतो, म्हणजे आतली गरम हवा बाहेर पडते. हे सगळं हँडबुकात कुठे ना कुठे लिहिलेलं असतं, पण समोर आकडा असल्याशिवाय ते अंगवळणी पडत नाही. मीटर बसवल्यापासून एकही बेल्ट गेलेला नाही.

टायर बदलले. 27 इंची, आठ-प्लायचे (जाड, मजबूत थरांचे) रेडियल, मूळ रिमवरच. हवा 12 ते 14 पीएसआय. धारदार दगडात बाजूची भिंत अजून शाबूत आहे. तरी प्लग-किट आणि छोटा कॉम्प्रेसर सोबत असतोच.

इथे रुंदीचा मुद्दा येतो आणि तो फार लोक विसरतात. फॉरेस्ट सर्व्हिसच्या (अमेरिकेच्या वनखात्याच्या) वाहन-नकाशात कितीतरी वाटांवर '50 इंच किंवा कमी' अशी खूण असते. तेवढ्या वाटांसाठीच आपण ही अरुंद गाडी घेतो. स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी चकती) लावून दोन्ही बाजूंनी दीड-दीड इंच वाढवलात की गाडी 53 इंचांची होते, वळणावर जरा स्थिर वाटते हे खरं, पण त्या सगळ्या वाटा हातच्या जातात. वर बेअरिंगवर ताण येतो तो वेगळाच. म्हणून टायर घेताना फक्त उंची पाहू नका. हवा भरून, गाडी जमिनीवर टेकवून, हबच्या उंचीवर टेप धरून बाहेरच्या फुगवट्यापासून फुगवट्यापर्यंत मोजा. मी दुकानाच्या पार्किंगमध्येच मोजून घेतलं आणि मगच पैसे दिले.

28 इंची टायर या गाडीला नकोतच, असं गेल्या उन्हाळ्यापर्यंत मी सगळ्यांना सांगत होतो. ते मत आता सैल झालंय. आमच्या गटात एकाने याच गाडीला 28 इंची, पण हलके टायर लावले, सोबत पुढच्या पुलीतली वजनंही हलकी केली. टुशरच्या त्याच चढावर त्याचा आकडा माझ्यापेक्षा कमी होता, माझ्या डोळ्यांसमोर. म्हणजे दोष नुसत्या उंचीचा नाही. मड टायरच्या वजनाचा आणि न बदललेल्या क्लचचा आहे. क्लचला हात लावणार असाल तर 28 घ्या. लावणार नसाल तर 27वर थांबा.

विंचबद्दल थोडक्यात. दोन माणसं, पाणी, हत्यारं धरून गाडी 1,800 पौंडांच्या आसपास जाते. त्याच्या दीडपट म्हणजे 2,700, म्हणून 3,500 पौंडांची विंच घेतली. तारेऐवजी सिंथेटिक दोर, आणि दोर असेल तर पुढे रोलर नको, गुळगुळीत अॅल्युमिनियमचा फेअरलीड (दोर ज्यातून बाहेर येतो ते तोंड) लावा, नाहीतर दोर रोलरच्या फटीत चिमटतो. झाडाला थेट दोर गुंडाळू नका, रुंद पट्टा वापरा. विंच ओढताना इंजिन चालू ठेवा; या गाड्यांची बॅटरी लहान असते.

स्किड प्लेट, म्हणजे गाडीच्या पोटाखालची संरक्षक पट्टी, मी अर्धा इंच जाडीची, यूएचएमडब्ल्यू नावाच्या चिवट, निसरड्या प्लास्टिकची बसवली. अॅल्युमिनियम दगडावर अडकून बसतं, हे सरकतं. युटातल्याच मोआबला हेल्स रिव्हेंज या खडकाळ ट्रेलवर दगडांच्या कडा चढउतार करताना फरक स्पष्ट कळला. पण पूर्ण प्लेटचा एक धोका गंभीरपणे घ्या. जंगलात फिरलात की वाळक्या पाइनच्या सुया प्लेटवर साठतात, अगदी एक्झॉस्टच्या बाजूला. आमच्या गाडीतून एकदा मूठभर काळ्या पडलेल्या सुया निघाल्या. तेव्हापासून रोज संध्याकाळी प्लेटच्या भोकांतून कॉम्प्रेसरची हवा मारतो आणि अडीच पौंडांचं अग्निशामक हाताशी, सीटच्या खांबावर असतं. फॉरेस्ट सर्व्हिसच्या जमिनीवर स्पार्क अरेस्टर (सायलेन्सरमधून ठिणग्या बाहेर पडू न देणारी जाळी) सक्तीचाच आहे. सायलेन्सर बदलणाऱ्यांनी तो आहे ना ते बघून घ्या.

पूर्ण विंडशील्ड काढून विकली. पुढून वारा अडवला की गाडीच्या आत हवेचा दाब कमी होतो आणि मागून सगळी धूळ आत ओढली जाते. मानेपासून कमरेपर्यंत पांढरे व्हायचो. आता अर्धी काच पुढे आणि मागे कापडी पडदा. धूळ गेली असं नाही, पण श्वास घेता येतो. लाइटबारही त्याच खरेदीदाराला दिला, त्या पैशांत दोन स्पेअर बेल्ट आले.

स्पेअर बेल्टबद्दल एकच आग्रह. नवा बेल्ट पाकिटातून काढून थेट डोंगरात बसवू नका. आधी घराजवळ तीसेक मैल सावकाश, वेग कमीजास्त करत चालवा, जुळला की काढून स्पेअर म्हणून ठेवा. सपाट ठेवा, मुडपू नका.

येत्या हिवाळ्यात हलकी वजनं मीही लावणार आहे. शंका एकच आहे: 11 हजार फुटांसाठी बसवलेली वजनं मोआबला, 4 हजार फुटांवर, इंजिनला लिमिटरवर, म्हणजे आरपीएमच्या कमाल मर्यादेवर, नेऊन ठेवतील का. दोन्हीकडे एकाच वजनांवर चालवणारं कोणी असेल, तर पूर्ण थ्रॉटलला किती आरपीएम मिळतात आणि बेल्ट कितीवर राहतो, एवढे दोन आकडे जरूर कळवा.