दिवसा झोपायची खोली: आठ महिन्यांनंतर

गोव्यात कुंडईला रात्रपाळी, घर फोंड्याच्या बाजूला, भाड्याचं, कौलारू. सकाळी सातला पाठ टेकायची आणि नेमकं थोड्या वेळानं काचेच्या कौलातून उन्हाचा चौकोन उशीवर येऊन बसायचा. जानेवारीत ठरवलं, खोली काळीकुट्ट करायची, हजाराच्या आत. ते हजाराचं पहिल्याच आठवड्यात बोंबललं, कारण ऑनलाइन ‘ब्लॅकआउट’ पडदे मागवले, १,४०० रुपयांचे.

कापड खोटं नव्हतं. मागून टॉर्च धरली तरी काही दिसत नव्हतं. पण उजेड कापडातून येतच नाही, दांड्याच्या वरून आणि दोन्ही कडांनी येतो. आणि डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. त्यामुळे आडवं पडल्या पडल्या खोली मस्त काळी वाटते, अर्ध्या तासानं तीच पहाटेसारखी दिसते. म्हणून फटी शोधायच्या तर अर्धा तास आत बसून शोधा.

पडदे पुढच्या खोलीत गेले. खिडकीला थर्माकोल कापून घट्ट बसवला, बाहेरच्या बाजूला स्वयंपाकाचं फॉइल, कडेला जुन्या साडीची पट्टी. सगळं मिळून दोनशेच्या आत. फॉइल थेट काचेला चिकटवू नका, ऊन खाऊन काच तडकू शकते.

छपरानं मात्र दमवलं. काचेचं कौल झाकलं तरी कौलांच्या सांध्यांतून बारीक ठिपके उरतातच. किती बुजवणार? शेवटी मच्छरदाणीच्या नुसत्या वरच्या बाजूवर काळं कापड दुहेरी पसरलं. बाजू मोकळ्या, पंख्याची हवा येते. सगळ्या उद्योगात मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच.

एप्रिलात खोलीचा कुकर झाला. झरोका उघडावा तर उजेड. तिथे पुठ्ठ्याचे दोन तुकडे काळे रंगवून एकापुढे एक, थोडं अंतर ठेवून लावले. एकाची फट वर, दुसऱ्याची खाली. हवा वळून येते, उजेडाला वळता येत नाही. रंग चकचकीत नको, नाहीतर परावर्तन होऊन थोडा आत झिरपतो. दाराखाली गुंडाळलेली चादर, इन्व्हर्टरच्या हिरव्या दिव्यावर इलेक्ट्रिकची काळी पट्टी.

घरमालकीण काकी एकदा डोकावून म्हणाल्या, “दिसाचो काळोख कित्याक करता रे?” रात्रपाळी सांगितली तर म्हणाल्या, मग नोकरी बदल.

खरी परीक्षा जूनमध्ये. चिकटपट्ट्या दमटपणानं आठवड्यात सुटल्या, झरोक्याचा पुठ्ठा मऊ पडून त्याला बुरशी आली, कपड्यांनाही वास. पुठ्ठ्याच्या जागी प्लॅस्टिकची शीट आली, चिकटपट्टीच्या जागी वेल्क्रो खिळ्यांनी ठोकला. थर्माकोलला काही झालं नाही, पण उठल्यावर रोज काढून खिडकी तासभर उघडी ठेवतो.

आता सलग सहा तास झोप होते, पूर्वी चार तासांवर जाग यायची. पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळी पों-पों करत जातो, त्याच्यासाठी कानात कापूस.