अनुक्रमणिका: चित्रांची की नावांची?

संगीत मंडळाचा वार्षिकांक किंवा संमेलनाची स्मरणिका काढणाऱ्यांचं एक पान ठरलेलं दुर्लक्षित असतं. मुखपृष्ठावर चार बैठका होतात, जाहिरातींसाठी म्हापशापासून मडगावपर्यंत पायपीट होते, आणि अनुक्रमणिका शेवटच्या रात्री उरकली जाते. पृष्ठांक शेवटीच पक्के होत असल्यामुळे ते काही अंशी अपरिहार्य आहे. पण पानाची मांडणी आधी ठरवता येते, आणि ती यंदा नीट करायची तुमच्या मनात असेल, तर निवड साधारण दोन नमुन्यांतून करावी लागेल. फोंड्यातल्या आमच्या मंडळाच्या अंकात मी दोन्ही करून पाहिले आहेत.

पहिला नमुना 'क्यू' या ब्रिटिश संगीत मासिकाचा. ते १९८६ ते २०२० असं चाललं. मोठी छायाचित्रं, लाल पट्ट्या, 'खास लेख' आणि 'दर महिन्याला' असे दोन गट, आणि छायाचित्रांवरच ठळक पृष्ठांक. दुसरा नमुना 'एनएमई'चा, म्हणजे 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस'चा. हे ब्रिटिश संगीत साप्ताहिक १९५२ साली सुरू झालं. त्याच्या २००० नंतरच्या कित्येक अंकांत अनुक्रमणिकेच्या डाव्या कडेला एक अरुंद पट्टी दिसते: अंकात आलेल्या सगळ्या बँडांची वर्णक्रमाने नावं आणि पुढे पान. मधे मुख्य मजकूर, उजवीकडे सदरं, तळाशी वर्गणीची जाहिरात.

दिसायला पहिला नमुना सरस, यात वाद नाही. तंबोऱ्याच्या तारांवर टेकलेली बोटं अर्ध्या पानभर छापली की अंक उघडणारा तिथेच थांबतो. आम्ही तीन वर्षं तेच केलं आणि कौतुकही झालं. छपाईत एक अडचण येते. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरा देवनागरी आकडा बारीक घेतला तर शाई पसरून १ आणि ९ सारखेच दिसू लागतात. आकडा मोठा आणि जाड घेतला की हे सुटतं. त्यामुळे एवढ्यासाठी मी तो नमुना सोडला नसता.

सोडला तो एका संध्याकाळमुळे. संमेलनाच्या दारात आमचं अंकविक्रीचं टेबल होतं. एक वयस्कर गृहस्थ आले, पैसे आधी दिले आणि उभ्या उभ्याच अनुक्रमणिका उघडली. त्यांचा भाऊ मंडळात तीस वर्षं तबल्याला साथ करायचा, त्याच वर्षी गेला होता. एका ज्येष्ठ गायिकेवरच्या लेखात त्याच्यावर दोन चांगले परिच्छेद होते. ते मीच लावले होते, म्हणून मला माहीत. गृहस्थांचं बोट छायाचित्रांवरून फिरलं, मग यादीवरून खाली आलं, पुन्हा वर गेलं. "आमचो खंय आसा?" त्यांनी विचारलं. मी पान काढून दिलं. पण मी टेबलाशी नसतो तर ते अंक मिटून घरी गेले असते.

तेव्हापासून ती गोष्ट मला खुपते. आपल्याकडे लेखांची शीर्षकं सुरांच्या, चांदण्याच्या, पाऊलवाटांच्या भाषेत असतात. लेख कुणावर आहे हे त्यातून कळत नाही, आणि लेखात आणखी कोण कोण आलं आहे हे तर मुळीच नाही. छायाचित्रं लावली की पाच-सहा चेहऱ्यांना जागा मिळते, आणि ते बहुतेक गायकांचे असतात. तबलजी, हार्मोनियमवाले, गावोगावी भजन शिकवणारे मास्तर पानावरून नाहीसे होतात. माझ्या अनुभवात तरी स्मरणिका घेणारा माणूस लेख शोधत नाही, तो नाव शोधतो.

नामसूची लावताना मात्र आपल्या रीतीने लावावी लागते. आडनावाप्रमाणे लावली तर गायिका केसरबाई 'केरकर'मध्ये जातात. योगायोगाने अक्षर तेच, म्हणून चालून जातं. पण गायिका मोगूबाईंना 'कुर्डीकर'मध्ये कुणी शोधत नाही, आणि तबलजी लयभास्कर खाप्रूमामांसाठी 'पर्वतकर' कुणी पाहत नाही. उलट गायक अभिषेकीबुवा जितेंद्र म्हणून 'ज'मध्ये सापडले तर वाचक चक्रावेल. मी नियम एवढाच ठेवतो: लोक ज्या नावाने हाक मारतात, त्या नावाने लावायचं. संगणकावर विसंबू नका. तो अनेकदा 'क्ष'ला 'क'च्या रांगेत बसवतो आणि आपण क्षीरसागरांना शेवटाकडे शोधतो. आमच्या अंकात साठ-सत्तर नावं निघतात, हाताने लावायला एक दुपार पुरते.

चित्रांचा नमुना वाईट असं मी म्हणणार नाही. अंक एकाच विषयाचा असेल, चार-पाचच मोठे लेख असतील, तर तोच घ्यावा. समजा सगळा अंक मोगूबाईंवर आहे. साळावली धरणाखाली गेलेलं त्यांचं कुर्डी गाव उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वर येतं. ते भेगाळलेलं मैदान आणि घरांचे चौथरे पानभर छापले, तर तिथे नावांच्या पट्टीची गरज नाही. पण वर्षभराच्या कार्यक्रमांचा, श्रद्धांजल्यांचा, विद्यार्थ्यांच्या मनोगतांचा मिळून अंक असेल, जसा आपल्यापैकी बहुतेकांचा असतो, तर माझा कल पट्टीकडे आहे. मधे एक चांगलं छायाचित्र तरीही मावतं.

पट्टी पानाच्या बाहेरच्या कडेला ठेवा, शिलाईकडे नको, नाहीतर अंक फाकवून धरावा लागतो. पृष्ठांक नावाला लागूनच द्या. ठिपक्यांची रांग ओढून पार पलीकडे नेला की नजर एक ओळ खाली घसरते. आणि तळाची जागा एखाद्या जाहिरातदाराने मागितली तर खुशाल द्या, फक्त ती पट्टीच्या खाली येऊ द्या. मधे आली तर 'म'पर्यंतची नावं वर राहतात आणि पुढची खाली कुणी बघत नाही.