गाडी बंद पडली, पुढे काय? रस्त्यावरच्या मदतीच्या चार सोयी

रस्त्यात मदत देणारी सेवा निवडताना बहुतेक जण दोनच आकडे बघतात: वर्षाचे पैसे किती आणि मदत किती मिनिटांत येणार. माझा तिसराच प्रश्न असतो. गाडी उचलून नेणार कुठे?

हा प्रश्न मला उशिरा सुचला. एकदा रात्री साडेअकराला माझी गाडी बंद पडली, टो ट्रक सांगितलेल्या वेळेत आला आणि करारात लिहिल्याबरहुकूम गाडी ‘सर्वात जवळच्या’ गॅरेजसमोर उतरवून गेला. शटर बंद, मेकॅनिक सकाळी नऊला येणार. ड्रायव्हरचं काहीच चुकलं नव्हतं. त्याने सही घेतली आणि तो निघाला.

गाडीच्या कंपनीची मदत नव्या गाडीसोबत मिळते. गाडी कंपनीच्याच वर्कशॉपात जाते, ही जमेची बाजू. पण टोइंगला किलोमीटरची मर्यादा असेल आणि वर्कशॉप त्यापलीकडे असेल, तर वरचं अंतर तुमच्या खिशातून. शिवाय मुदत संपते ती नेमकी गाडी कुरकुरायला लागते तेव्हाच.

विम्यावरचा ॲड-ऑन, म्हणजे पॉलिसीत थोडे जास्त पैसे भरून जोडलेली मदत, सहसा सर्वांत स्वस्त. मात्र वर्षात किती वेळा बोलावता येईल हे मोजून दिलेलं असतं, आणि संरक्षण त्या गाडीपुरतं. मित्राच्या गाडीत अडकलात तर उपयोग शून्य.

ऑटोमोबाइल क्लबचं सभासदत्व बऱ्याचदा माणसाच्या नावावर असतं, गाडी कोणाचीही असो. जर्मनीतला एडीएसी १९०३ पासून आहे, ब्रिटनमधला एए १९०५ पासून. (एएची सुरुवात मात्र वाहनचालकांना पोलिसांच्या वेगसापळ्यांची आगाऊ खबर देण्यासाठी झाली होती!) अशा क्लबांचा भर गाडी जागेवरच चालू करून देण्यावर असतो, आणि बॅटरी उतरलेली असेल तर तेवढंच हवं असतं. खोच एकच: मूळ सभासदत्वात कधी कधी घराजवळची मदत धरलेली नसते, आणि बॅटरी तर बहुधा सकाळी दारातच दगा देते.

राहिला आयत्या वेळी बोलावलेला टो. वर्षातून चार वेळाच गाडी काढणाऱ्याला तो पुरतो. फक्त हुक लावण्याआधी भाडं आणि उतरवायची जागा ठरवून घ्या, कारण गाडी एकदा ट्रकवर चढली की घासाघीस संपली.

कुठलीही सेवा घ्या, फ्लॅटबेड, म्हणजे अख्खी गाडी पाठीवर घेणारा सपाट ट्रक, मिळेल का ते विचाराच. चारही चाकांना ताकद जाणारी गाडी दोन चाकं उचलून ओढली तर आतली यंत्रणा बिघडू शकते. बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरबॉक्सचा तेलपंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद आणि ज्यांना त्याची ताकद जाते ती चाकं फिरताहेत, म्हणजे गिअर कोरडे घासणार. इलेक्ट्रिक गाडीची चाकं फिरली की मोटर वीज तयार करते आणि त्यातून बिघाड होऊ शकतो, त्यामुळे ती गाडीही फ्लॅटबेडवरच न्यायची.

नेहमी लांबचा प्रवास असेल तर मी क्लब घेईन, पण गाडी आपण सांगू तिथे पोचवणारा. नवी गाडी शहरातच फिरत असेल तर कंपनीची मदत मुदत संपेपर्यंत पुरे. पैसे भरण्याआधी त्यांच्या हेल्पलाइनला एक फोन मात्र करा आणि विचारा: मध्यरात्री गॅरेज बंद असेल, तर माझी गाडी सकाळपर्यंत कुठे ठेवाल?